शेरछोकचा चर

“जळलं मेलं ते लोणी! दिव्यात घातलं तर दिव्यामागचा देवसुद्धा नाक मुरडेल.”

वांगमो हे आपल्या द्रीला सांगत होती. द्री म्हणजे याकची मादी. दूध देते ती द्री, आणि तिला कुणी परगावच्यानं याक म्हटलं की इथल्या बायका बाहीआड हसतात. तर वांगमोची द्री तारेच्या कुंपणापलीकडे उभी, आणि अलीकडे लुमोत्सो आपल्या द्रीच्या पोटाला कपाळ टेकून धारेला बसलेली. मधलं अंतर एवढंच, की एकीनं नाक ओढलं तर दुसरीला कळावं. शेजारणीला टोचायचं असलं की जनावराशी बोलायचं, ही दोघींची जुनी रीत. तोंडावर भांडलं तर मिटवायला चार माणसं बोलवावी लागतात. द्रीशी बोललेलं मिटवावं लागत नाही.

लुमोनं आपल्या द्रीच्या मांडीवर थोपटलं. “ऐकलंस ना गं काळे? काहींची नाकं भारी लांब. दुसऱ्याचं लोणी हुंगत फिरतात, आणि स्वतःचा…”

ती थांबली. स्वतःचा झरा आटलाय तो दिसत नाही, असं जिभेवर आलं होतं. पण झऱ्याचं नाव काढलं की मागोमाग चराचं नाव निघतं.

“स्वतःचा काय म्हणे?” वांगमोनं आपल्या द्रीला विचारलं.

“स्वतःचा कुत्रा दिवसभर विनाकारण भुंकतो,” लुमो म्हणाली.

“हां. कुत्रा होय.” वांगमोच्या बादलीत धार वाजू लागली. तिलाही कळलं होतं, आणि कळलं म्हणून तीही गप्प बसली.

कारण चराच्या कडेनं आन्ये शेरछोक चालले होते. लुमोचे सासरे, पण आन्ये म्हणजे आजोबा सगळ्या वस्तीचेच. सकाळी उठून, हातात जपमाळ घेऊन, डोंगराच्या पायथ्यापासून थेट नदीपर्यंत चराची एक बाजू धरून जायचं आणि दुसरी बाजू धरून यायचं, हा त्यांचा नेम. लोक मठाला प्रदक्षिणा घालतात. आन्ये चराला घालत.

सगळी गुरं सामाईक होती त्या काळात हा चर खणला. तेव्हा इथं दलदल होती. पाय टाकला तर गुडघा जाई, याक फसला तर शिंगं तेवढी वर राहत. वरून हुकूम आला, पाणी काढा, गवत वाढवा. गावची पोरंपोरी फावडी घेऊन उतरली आणि शेरछोक त्यांचा म्होरक्या झाला. यांगझोम नावाची एक मुलगी चिखलाच्या पाट्या वाहायची. पट्टा कपाळाला लावून अशी चालायची की शेरछोकचं फावडं मधेच थांबायचं. चर नदीला मिळाला त्या दिवशी शेरछोकच्या छातीवर लाल कागदाचं फूल लावलं गेलं, आणि फुलापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे यांगझोमनं हो म्हटलं. आणि गवत खरंच वाढलं. पुष्कळ वर्षं वाढलं. घोड्याच्या पोटाला लागायचं. हे खोटं नाही, म्हणूनच तर पुढचं बोलणं अवघड.

यांगझोम जाऊनही आता पुष्कळ हिवाळे झाले. चर तेवढा वाहतो.

*

लोण्याला वास येत होता हे खरंच होतं. लुमोला स्वतःला तो येत नव्हता, आणि त्याचंच तिला भय वाटायचं. ज्याच्या अंगाला वास येतो त्यालाच तो कळत नाही.

नवरा हदान म्हणाला, धुराडं तुंबलं असेल. त्यानं शेगडीचा नळ काढून झटकला, तोंड काळं करून घेतलं, परत बसवला. पुढच्या आठवड्यात पुन्हा काढला. “आता पोरीच्या गालासारखा साफ आहे,” म्हणाला. वास गेला नाही. मग म्हणाला, शेण्याच ओल्या असतील. लुमो म्हणाली, शेण्या मी थापते, बत्तीस वर्षं थापतेय, ओली शेणी आणि वाळली शेणी मला शिकवू नका. हदान धुराडं साफ करायला तिसऱ्यांदा चढला. बायकोपासून उंचावर जायला त्याला एवढीच एक जागा होती.

हिवाळ्याच्या दिव्यांसाठी लोणी घेऊन ती मठात गेली. दरवर्षी जायची. स्वयंपाकघराच्या दाराशी एक भिक्षू सगळ्यांचं लोणी उतरवून घेत होता. पुढच्या बाईचं घेतलं, मागच्या बाईचं घेतलं. लुमोच्या गोळ्यावरचं कातडं त्यानं सोडलं, नाकाजवळ नेलं आणि तो गोळा तसाच बाजूला, जमिनीवर ठेवला. भल्या माणसासारखा हळू म्हणाला, “आचे, हे आम्ही चामडं मऊ करायला वापरू हं. तेही पुण्यच.”

आचे म्हणजे ताई. इतक्या मायेनं म्हणाला की लुमोला कानशिलात बसल्यासारखं झालं. मागच्या बायका आभाळाकडे बघायला लागल्या. घरी येताना तिनं घोडा चढावर पळवला. बिचाऱ्याचा काय दोष होता?

पहिलं कडक हिव पडलं त्या सकाळी तिनं दार उघडलं, तर सगळं कुरण पांढरं होतं. कुंपणाच्या तारा पांढऱ्या, याकांच्या पाठी पांढऱ्या. फक्त घरामागं, राख टाकायच्या जागेभोवती, काळा ओलसर गोल उरला होता. हिव तिथं बसलंच नव्हतं. दोन्ही कुत्री त्या गोलात पाय ताणून झोपली होती. त्यांच्या पोटाखालून वाफेसारखं काहीतरी निघत होतं.

‘बघा, जनावराला बरोबर कळतं ऊब कुठं आहे ते,’ असं तिच्या मनात आलं. तिनं शेगडीतली राख आणली आणि रोजच्यासारखी तिथंच ओतली.

राख पाण्यात टाकायची नाही, ही इथली रीत आहे. पाण्याखाली नाग राहतात. त्यांच्या अंगावर राख पडली तर माणसाच्या अंगावर फोड येतात, झरा रुसतो. म्हणून चरात नाही, झऱ्यात नाही, ओल्यात नाही. दूर, कोरड्यात, रोज एकाच जागी. घर बांधलं तेव्हा सासूनं, यांगझोमआमानंच, ही जागा टाचेनं उकरून दाखवली होती. त्या वेळी जमीन वरून कोरडी असली तरी आतून ओली होती. विस्तव पडला तर चुर्र म्हणून गिळून टाकायची. पुढं आतूनही वाळली. ते कुणी टाचेनं उकरून पाहिलं नाही.

*

वासराच्या ओरडण्यानं कळलं.

त्या वर्षीचं सगळ्यात धाकटं वासरू उबेला म्हणून त्या काळ्या गोलात गेलं आणि पुढचे दोन्ही पाय एकदम जमिनीत गेले. हदान धावला. त्याला वाटलं, घुशीचं बीळ. त्यानं काखेत हात घालून वासरू ओढलं, आणि ओढताना त्याचाही एक पाय आत गेला. मग तो जे ओरडला ते वासरासारखंच होतं. लुमोनं त्याला कमरेच्या पट्ट्याला धरून मागं पाडलं. त्याच्या रबरी बुटाचा तळ वितळून लोंबत होता. वासराच्या पायाची कातडी केसांसकट निघाली होती, आणि ज्या भोकातून पाय निघाले त्याच्या तळाशी लालभडक निखारे होते. वर ज्वाळा नाही, काही नाही. जमिनीच्या पोटात शेगडी पेटलेली.

“बादल्या!” हदान ओरडला.

चर घरापासून हाकेवर. त्यात पोटरीभर पाणी, डोंगरातून येऊन बाणासारखं नदीकडे चाललेलं. लुमोनं बादल्या भरल्या, वाहिल्या, ओतल्या. पहिलं पाणी वाफ होऊन तोंडावर आलं. दुसरं काळ्या मातीवरून तेलकट कापडावरून जावं तसं घरंगळून गेलं. ही माती एकदा पुरती वाळली की पाणी पीत नाही. रागावलेल्या म्हातारीसारखी तोंड फिरवून बसते.

वांगमो कुंपण ओलांडून आली, हातात दोन बादल्या, अंगरख्याच्या लांब बाह्या कमरेला बांधलेल्या. धुरात नाक घालून म्हणाली, “हाच. हाच तो लोण्याचा वास. मी म्हणत नव्हते?”

“तू द्रीला म्हणत होतीस, आचे.”

“तिनं तुला सांगायला नको?”

आणि दोघी चराकडे पळाल्या.

वस्तीवरची माणसं फावडी घेऊन आली. आगीभोवती खंदक खणायचा ठरला. खाली चिकणमाती लागेपर्यंत खणलं की आगीला पुढं जायला वाट राहत नाही. माणसाच्या छातीइतकं खणलं तरी काळीच माती. डोक्याइतकं खणलं तरी काळीच. फावड्याच्या पात्यावर ती चिरलेल्या तंबाखूसारखी यायची, आणि तिच्यात गवताच्या काड्या जशाच्या तशा. कुणाच्या काळातलं गवत, कोण जाणे. खंदकात उभ्या असलेल्या एकाच्या पायाशी भिंतीतूनच धूर यायला लागला, तेव्हा सगळे भराभर बाहेर आले.

आन्ये एका उलट्या बादलीवर बसून बघत होते. “मऊ आहे का रे अजून?” त्यांनी विचारलं. “आम्ही खणला तेव्हा लोण्यासारखी कापली जायची. फावडं नुसतं टेकायचं.”

“मऊ कसली, आन्ये,” एक जण म्हणाला, “आता तर…” आणि त्यानं हदानच्या तोंडाकडे पाहून वाक्य गिळलं. “आता आपल्यातच जोर राहिला नाही.”

*

राबतेन तिसऱ्या दिवशी आला. हदानच्या चुलतभावाचा मुलगा. पाणथळ जमिनींचं एक सरकारी कार्यालय तालुक्याला होतं, तिथं तो नोकरीला. गेली दोन वर्षं तो मोटरसायकलवरून यायचा, कुरणात रोवलेल्या नळ्यांत दोरी सोडून पाणी किती खाली गेलं ते मोजायचा, मग घरात येऊन चहा प्यायचा. दर वेळी काहीतरी बोलायला म्हणून बसायचा. दर वेळी आन्ये त्याला विचारायचे, “काय रे, माझा चर कसा आहे?” आणि राबतेन म्हणायचा, “चांगला वाहतोय, आन्ये.” आणि निघून जायचा. लुमो त्याला ‘चहाचा साहेब’ म्हणायची.

या खेपेला त्यानं लोखंडी सळई आणली होती. ती जमिनीत खुपसायची, थोडं थांबायचं, काढायची आणि तळहात जवळ नेऊन बघायचं. तो पुढं आणि मागून हदान, लुमो, वांगमो असे धुरातून फिरले. गंजीकडे सळई गरम. वांगमोच्या शेण्यांच्या ढिगाच्या बाजूला कोमट. घराच्या मागच्या भिंतीपासून चार पावलांवर सळई त्यानं धरली, आणि झटकन दुसऱ्या हातात घेतली.

“बर्फ पडला की विझेल,” हदान म्हणाला.

“नाही विझत, काका. बर्फाखाली जळत राहते. वर पांढरं, खाली लाल. वसंतात दुसरीकडेच कुठंतरी तोंड काढते.”

“मग पाऊस.”

“पाऊस कुठं आहे?”

खरंच कुठं होता? चौघांनी वर पाहिलं. आभाळ घासलेल्या तांब्यासारखं. आन्ये सांगत, पूर्वी उन्हाळ्यात रोज दुपारी दलदलीवरून ढग उठायचा आणि संध्याकाळी तिथंच सांडायचा, घरचा ढग, कुठून मागून आणावा लागायचा नाही. सकाळी धुकं असं असायचं की द्रीला शोधायला तिच्या गळ्यातली घंटा ऐकावी लागे. पाण्यानं दिवसाचं ऊन पोटात ठेवलेलं असायचं, ते रात्री हळूहळू सोडायचं, म्हणून हिव उशिरा यायचं. आता ऐन उन्हाळ्यात एखाद्या रात्री गवत करपून जातं, आणि दुपारी वाऱ्याबरोबर नदीकडची वाळू दातांत येते. आन्ये हे सगळं सांगायचे, मग शेवटी मान हलवून म्हणायचे, काळच पालटला. ऐकणारेही म्हणायचे, हो, काळच पालटला.

काळावर घातलं की बरं असतं. काळ उलटून बोलत नाही.

घरात चहा ठेवला. लुमोच्या घराला पुढं काचेची ओसरी होती. तिनं लग्नानंतरचे सुरुवातीचे सगळे हिवाळे तंबूत काढले होते, पाठ गारठलेली आणि तोंड भाजलेलं, डोळे धुरानं लाल. घर झालं तेव्हा तिनं हदानला एकच मागितलं होतं, काच. आता हिवाळ्यात बाहेर मूत गोठायचं तेव्हा या ओसरीत डब्यांमध्ये लावलेली तांबडी फुलं फुलायची, आणि ती दुखरे गुडघे उन्हात पसरून लोकर पिंजायची. माणसाला आयुष्यात एखादी जागा मिळते, जिथं बसलं की वाटतं, आता मेलं तरी चालेल. लुमोची ती जागा ही.

राबतेननं वाडग्यात सातूचं पीठ कालवलं आणि बोटांनी मळत मळत बोलला. “ही काळी माती म्हणजे माती नाहीच. हजारो वर्षांचं गवत आहे. पाण्याखाली होतं म्हणून कुजायचं राहिलं. पाणी गेलं की ते हवेत उडून जायला लागतं, जळलं की आणखी लवकर. आणि जातं ते आभाळ तापवतं. आपलंच नाही, सगळ्या जगाचं.”

“सगळ्या जगाचं?” वांगमोनं विचारलं. “म्हणजे समुद्राकाठच्या त्या मोठमोठ्या शहरांचंही?”

“त्यांचंही.”

“मग त्यांना म्हणावं, एकेक बादली घेऊन या. चहा मी देते.”

सगळे हसले. आन्येही हसले. मग हसणं संपलं आणि त्यांनी विचारलं, “ते ठीक. पण आता ही विझवायची कशी? पाणी लागेल ना पुष्कळ?”

“पुष्कळ लागेल, आन्ये.”

“कुठून आणणार?”

राबतेननं वाडग्यात पाहिलं. हदाननं दाराकडे पाहिलं. दारातून चर दिसत होता. पाणी चमकत चमकत, कुणाचं काही न ऐकता, नदीकडे चाललं होतं.

“बघू या,” राबतेन म्हणाला. “पंप मागवतो.”

*

पंप आला. एक दिवस धडधडला. चराच्या काठावरचा चिखल ओढून त्याचा गळा बंद झाला. मठातून भिक्षू आला, त्यानं नागांसाठी पोथी वाचली, दुधाचं अर्घ्य चरात सोडलं. जाताना तोही चराकडे बघून काहीतरी बोलणार होता, पण आन्येंनी त्याचे पाय धरले तेव्हा आशीर्वाद देऊन गेला.

बादल्या चालूच होत्या. लुमोच्या खांद्यावर दांडीचा वळ उठला, फुटला, त्यावर कापड चिकटलं. हाताच्या भेगांत काळी राख बसली ती कशानं निघेना. धार काढताना द्री तिच्या हाताला दचकायची. दूध कमी झालं. वांगमो दोन घरच्या धारा काढू लागली, आणि आपल्याच द्रीला सांगू लागली, “बघ बाई, काहींच्या घरचं काम आपल्यावर पडलं. आपलं नशीब.” आणि ताकाचं भांडं कुंपणावर ठेवून जायची. वासराच्या पायाला लुमो रोज लोणी लावायची, तेच, चामड्याच्या लायकीचं. एका सकाळी ते उठलं नाही. त्याची आई दिवसभर त्याला नाकानं ढकलत राहिली.

त्याच दुपारी गंजी गेली. ज्वाळा एकच, उंच, पिवळी. हिवाळ्याचं सगळं गवत हदानला एक जपमाळ ओढायला लागते तेवढ्या वेळात गेलं. तो तिथंच उभा राहिला आणि म्हणाला, “हिवाळ्यात गुरं काय खाणार, लुमो?” तिनं त्याच्या भुवईवरची राख पुसली.

रात्री अंथरुणात नाही, भर दुपारी, सगळ्यांदेखत तिला कळत होतं की काय करायला हवं. शेंबड्या पोरालाही कळलं असतं. नदीजवळ चराचं तोंड बांधायचं. पोती भरायची, फळ्या ठोकायच्या. डोंगराचं पाणी थांबेल, चढेल, दोन्ही काठांवरून कुरणात पसरेल, मातीच्या पोटात शिरेल. जिथं आत विस्तव आहे तिथं आतूनच पाणी येईल. वांगमोचा झराही कदाचित जागा होईल. राबतेनला हे ठाऊक होतं, वांगमोला ठाऊक होतं, हदानला ठाऊक होतं. आन्येंसमोर कोण म्हणणार? म्हातारा माणूस, आयुष्यात एक काम हातून झालं, एक बाई भेटली, आणि दोन्ही एकाच ठिकाणी. ते कसं बुजवायचं?

हे सगळं खरं होतं. पण लुमोच्या मनात आणखी एक होतं, आणि ते तिनं द्रीलासुद्धा सांगितलं नव्हतं. घर कुरणाच्या सगळ्यात खोलगट भागात होतं. वाऱ्यापासून आडोसा म्हणून तिथं बांधलं होतं. पाणी चढलं तर पहिलं ते तिच्या ओसरीत येईल. आन्येंना वाईट वाटेल, आन्येंना वाईट वाटेल, असं ती स्वतःशी म्हणत होती, तेव्हा म्हाताऱ्याच्या आडून ती आपली काच राखत होती.

*

दुसऱ्या दिवशी सगळे ओसरीत जमले. राबतेन, हदान, वांगमो, वस्तीवरची दोघं-तिघं. आन्ये भिंतीला टेकून, जपमाळ हातात. फुलांच्या डब्यांवर राखेचा थर बसला होता. ऊन काचेतून येत होतं, पण तपकिरी.

“मोठा पंप आणता येईल,” राबतेन म्हणाला.

“मोठा आणला तर मोठा तुंबेल,” वांगमो म्हणाली.

“खंदक अजून लांब घेऊ,” हदान म्हणाला.

“हो, लांब घेऊ.”

“वरच्या वस्तीवरून माणसं बोलवू.”

“बोलवू.”

“माझ्याकडे दोन बादल्या जास्तीच्या आहेत,” एक जण म्हणाला, आणि ते इतकं केविलवाणं वाटलं की त्याच्याकडे कुणी पाहिलंच नाही.

लुमो पीठ आणायला आत गेली. मागच्या खोलीत, अंधारात, भिंतीशी सातूचं पोतं होतं. पोत्याचं तोंड सोडायला ती खाली बसली, गुडघे जमिनीला टेकवले. आणि तिला बरं वाटलं. किती दिवसांनी बरं वाटलं! जमीन ऊबदार होती. दुखऱ्या गुडघ्यांखाली कुणी गरम विटा ठेवाव्यात तशी. तिनं डोळे मिटले, श्वास सोडला, तशीच थोडी बसली. बाळंतिणीला शेकतात तसं वाटत होतं. मग तिनं डोळे उघडले. तळहात जमिनीवर ठेवला, भिंतीपर्यंत सरकवत नेला, आणि उचलला.

शेगडी पुढच्या खोलीत होती.

ती पीठ न घेताच बाहेर आली. बाहेर वरच्या वस्तीवरून कोण कोण येईल त्यांची नावं घेणं चाललं होतं. आन्येंनी माळ खाली ठेवली.

“तुम्ही सगळे माझ्या मागं बोलता,” ते म्हणाले. “पुढं आलो की गप्प होता. मी म्हातारा आहे, बहिरा नाही. काय आहे ते बोला की रे. हदान, तू बोल.”

हदाननं बुटाकडे पाहिलं. एक बूट नवा होता, एक जुना.

“राबतेन, तू शिकलेला. तू बोल.”

“आन्ये, म्हणजे… पाण्याची पातळी…”

“वांगमो, तू तर कुणाच्या बापाला भीत नाहीस.”

वांगमोनं तोंड उघडलं. लुमोनं आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं, की वांगमोनं तोंड उघडलं आणि आतून काहीच आलं नाही. तिनं बाहीनं डोळे पुसले. धूर होताच, कुणी विचारलं नसतं.

लुमो अजून दारातच उभी होती. तिनं काचेकडे पाहिलं, डब्यांतल्या फुलांकडे पाहिलं. सासऱ्यापुढं मान वर करून ती कधी बोलली नव्हती. ती त्यांच्यासमोर खाली बसली, म्हणजे तिचं तोंड त्यांच्या तोंडापेक्षा वर राहू नये.

“आन्ये, विस्तव घराखाली आलाय. मी आता हात लावून पाहिला.”

आन्येंनी मागच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं.

“तुमचा चर बुजवायला हवा. थोडा नाही, सगळा. तुम्ही आणि आमानं खणलेला म्हणून ही माणसं बोलत नाहीत. मी बोलत नव्हते ते या घरापायी, तुमच्यापायी नाही. दलदल आपण वाळवली, आन्ये. काळानं नाही. आणि हे घर बांधलं ते तिच्याच जागेत. ते तिचं तिला देऊन टाकू.”